निवृत्तीनंतर कोणता मेडिक्लेम घ्यावा?

पत्र: मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. महिनाअखेरीस साठ पूर्ण होऊन निवृत्त होतोय. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मी आणि सौ., दोघं बरीच वर्षं होतो, तो शेवटच्या दिवशी संपेल. सौ.चं वय ५७, नऊ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मला बीपीची एक गोळी. ८४ वर्षांची आई आमच्याजवळ असते, तिचा कुठलाच विमा नाही. एजंटने तीन पर्याय दिलेत: ज्येष्ठ नागरिकांची खास पॉलिसी (५ लाख, २० टक्के को-पे, म्हणजे मान्य रकमेतला तेवढा वाटा आपण भरायचा), दोघांची मिळून १० लाखांची फ्लोटर, आणि बँकेमार्फत मिळणारी ग्रुप पॉलिसी. बँकेची सगळ्यात स्वस्त आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर साखरेचं लिहू नका, प्रीमियम वाढेल. मेहुणे म्हणतात क्रिटिकल इलनेस घ्या. बंगळूरचा मुलगा म्हणतो, काहीच घेऊ नका, मी तुम्हाला माझ्या कंपनीच्या पॉलिसीत टाकतो. पेन्शन नावापुरतीच आहे. ग्रॅच्युइटी आणि पीएफ एवढीच पुंजी. काय करावं?
एक वाचक, नाशिक

उत्तर:

पर्यायांची तुलना नंतर करू. आधी तुमच्या शेवटच्या दिवसाचं बघू, कारण तो गेला की तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट जाईल.

उद्याच कंपनीच्या एचआरकडे जा आणि लेखी माहिती मागा: ग्रुप पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे, तुम्ही दोघं तिच्यात सलग कधीपासून आहात आणि किती रकमेला. ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तुमची तब्येत तपासून निर्णय घेते, त्यामुळे होकार मिळेलच असं नाही. पण होकार मिळाला तर ग्रुपमध्ये काढलेली सलग वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळात, धरली जातात, निदान जुन्या विमा रकमेपुरती तरी. ही सोय असल्याचं बहुतेक ठिकाणी निवृत्त होणाऱ्याला कुणी सांगत नाही. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि पॉलिसी गुपचूप संपते.

ही वर्षं एवढी का जपायची? नवी पॉलिसी घेतली की पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचेच पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, मूतखडा, गुडघेबदल अशा ठरावीक उपचारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि पॉलिसी घेताना जो आजार आधीच आहे, त्याला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. (एप्रिल २०२४ पर्यंत ही मर्यादा चार वर्षांची होती.) आता वहिनींचा हिशेब करा. कोऱ्या पाटीने सुरुवात केली तर मधुमेह आणि त्यातून उद्भवणारी मूत्रपिंडाची, डोळ्यांची, पायाच्या जखमांची दुखणी त्यांच्या साठीपर्यंत पॉलिसीच्या बाहेर राहू शकतात. ज्यासाठी विमा घ्यायचा, नेमकं तेच बाहेर. म्हणून आधी मायग्रेशनचा अर्ज द्या. ती विमा कंपनी पुढे आवडली नाही तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून दुसरीकडे पोर्ट करता येतं, आणि तेव्हाही साठलेली वर्षं तुमच्यासोबत येतात.

आता साखरेचं. एजंटचा हा सल्ला अजिबात ऐकू नका, आणि असा सल्ला देणाऱ्या माणसाकडून पॉलिसीही घेऊ नका. वहिनींच्या नऊ वर्षांच्या गोळ्या डॉक्टरांच्या कागदांत, लॅबच्या रिपोर्टांत आणि कंपनीच्या जुन्या क्लेममध्येही दिसणारच. रुग्णालयात दाखल होताना केसपेपरवर पहिली ओळ लिहिली जाते ती 'मधुमेह किती वर्षांपासून' याची. विमा कंपनी तो केसपेपर मागवते, फॉर्मशी ताडते आणि माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारते, वर पॉलिसीही रद्द करू शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला सहसा हात झटकता येत नाहीत, पण फसवणुकीला ते संरक्षणही लागू नाही. एजंटला कमिशन आज मिळतं, क्लेम नाकारला जातो तेव्हा बिलाच्या खिडकीशी तुम्ही एकटे उभे असता. मधुमेह, बीपी, झालेली ऑपरेशन्स, चालू गोळ्या, सगळं स्वतःच्या हाताने लिहा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. प्रीमियम वाढला तर वाढू दे. थोडा जास्त हप्ता घेऊन मधुमेहासारख्या आजारांचा वेटिंग पिरियड कमी करणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत, त्यांबद्दल स्वतःहून विचारा.

तीन पर्यायांकडे येऊ. प्रीमियमचे आकडे शेजारी शेजारी मांडून यांची तुलना होत नाही. घरी सोडायच्या दिवशी तुमच्या खिशातून किती जाणार, हा आकडा काढायचा. ज्येष्ठांच्या खास पॉलिसीचं उदाहरण घेऊन काढून दाखवतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत जास्तीत जास्त लोक इथेच गोंधळतात.

समजा गुडघेबदलाचं बिल ४ लाख झालं. त्यात खोलीचे चार दिवसांचे, रोज ८,००० प्रमाणे ३२,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग मिळून २ लाख. इम्प्लांट ७०,०००. औषधं आणि तपासण्या ९०,०००. हातमोजे, मास्क वगैरे ज्यांचे पैसे विमा देत नाही अशा वस्तू ८,०००. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का म्हणजे ५,०००, आणि को-पे २० टक्के.

माणसाला वाटतं, २० टक्के म्हणजे ८०,००० आपले, बाकीचे कंपनीचे. तसं होत नाही. खोलीचे ३२,००० नाही, २०,००० धरले जातात. मग खोली परवानगीपेक्षा महाग घेतली म्हणून सर्जन-थिएटरच्या २ लाखांनाही तेच प्रमाण लागतं, आठात पाच, म्हणजे १,२५,०००. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लावायला नियमाने मनाई आहे, त्यामुळे ते १,६०,००० पूर्ण धरले जातात. हातमोज्यांचे शून्य. एकूण मान्य रक्कम ३,०५,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे ६१,००० वजा. कंपनी देते २,४४,०००. तुमच्या खिशातून गेले १,५६,०००.

याच पॉलिसीवर ५,००० ची खोली घेतली असती, तर सर्जनचे २ लाख पूर्ण धरले गेले असते. रुग्णालयात दाखल होताना 'सिंगल रूम देऊ का' असं विचारतात, तेव्हा खोलीच्या भाड्यावर बोट ठेवून स्वतःची मर्यादा सांगता आली पाहिजे. (ज्या रुग्णालयात खोलीनुसार इतर दर बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणात कात्री लावता येत नाही. बिल हातात आलं की हे तपासा.)

खास ज्येष्ठांच्या पॉलिसी वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ज्यांना वयामुळे किंवा आजारांमुळे दुसरीकडे नकार मिळतो, त्यांना त्यांचाच आधार असतो. पण को-पे, खोलीभाड्याची मर्यादा आणि आजारवार मर्यादा या तिन्ही गोष्टी त्यांत बहुधा एकत्र येतात. तुम्ही आज साठ वर्षांचे आहात, बीपीची एक गोळी घेता. तुम्हाला सर्वसाधारण पॉलिसी मिळू शकते. एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या माणसांनाही विमा कंपन्यांनी दार उघडं ठेवायचं आहे. म्हणून केवळ वयाकडे बघून एजंटने ज्येष्ठांची पॉलिसी पुढे केली असेल, तर ती बाजूला ठेवा.

दुसरा पर्याय फ्लोटर. दोघांत मिळून १० लाख ऐकायला छान वाटतं. तरुण जोडप्याला फ्लोटर परवडते, कारण दोघं एकाच वर्षी आजारी पडण्याचा संभव कमी. साठीनंतर तो हिशेब बिघडतो. प्रीमियम घरातल्या मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो, म्हणजे ५७ च्या वहिनींसाठीही साठीचा दर. त्यांच्या मधुमेहामुळे प्रस्ताव अडला तर तुमचाही अडतो. आणि एकाच्या मोठ्या आजारात रक्कम संपली तर वर्षभर दुसरा उघडा पडतो. संपलेली रक्कम पुन्हा भरून देणाऱ्या पॉलिसी असतात, पण ती सोय कोणत्या अटीवर मिळते हे वाचावं लागतं. तुमच्या घरासाठी मी दोन वेगळ्या पॉलिसी घ्या असं म्हणेन, तुमची एक, वहिनींची एक.

बँकेची ग्रुप पॉलिसी स्वस्त का असते, ते समजून घ्या. ती बँक आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो, तुम्ही त्यात केवळ नाव नोंदवलेले सभासद. पुढच्या वर्षी बँकेने विमा कंपनी बदलली, अटी बदलल्या किंवा योजनाच बंद केली, तर तुमच्याशी कुणी बोलायला येणार नाही. ही अनिश्चितता चाळिशीत चालून जाते. ६८ व्या वर्षी पॉलिसी संपली असं कळलं, तर नवीन दार शोधताना किती दमछाक होते ते बऱ्याच घरांनी सोसलंय. जोडीला म्हणून घ्यायची तर घ्या, एकमेव आधार म्हणून नको.

मग किती रकमेची घ्यायची? इथे पैसे वाचवायची खरी जागा आहे. दोघांना प्रत्येकी ५ लाखांची मूळ पॉलिसी घ्या, को-पे नसलेली आणि खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, किंवा 'सिंगल प्रायव्हेट रूम' एवढीच अट असलेली. तिच्यावर १० ते १५ लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, ५ लाख वजावटीचा. सुपर टॉप-अपचा हप्ता तेवढ्याच रकमेच्या मूळ पॉलिसीपेक्षा बराच कमी असतो, कारण पहिले ५ लाख त्याच्या अंगावर येत नाहीत.

'सुपर' हा शब्द मात्र फॉर्मवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये वजावट दर वेळी नव्याने मोजतात. वर्षात ४ लाखांची दोन बिलं झाली, तर साधा टॉप-अप एक रुपयाही देत नाही, कारण एकही बिल ५ लाखांपुढे गेलेलं नाही. सुपर टॉप-अप दोन्ही बिलांची बेरीज करतो, ८ लाख धरतो आणि वरचे ३ लाख देतो. साठीनंतर एकाच वर्षात दोनदा दाखल व्हावं लागणं काही दुर्मिळ नाही. सुपर टॉप-अपलाही स्वतःचा वेटिंग पिरियड असतो, त्यामुळे तो आत्ताच सुरू करा, चार वर्षांनी सुचेल तेव्हा नको. आणि त्याच्या फॉर्मवरही मधुमेह लिहायचाच.

कुठल्याच कंपनीने धड पॉलिसी दिली नाही, तर 'आरोग्य संजीवनी' विचारा. २०२० साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांना एकाच मजकुराची पॉलिसी आणायला लावली ती ही. को-पे ५ टक्के, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के पण रोज ५,००० पर्यंत, मोतीबिंदूला एका डोळ्यासाठी जास्तीत जास्त ४०,०००. कमी आहे, पण स्वच्छ आहे. एजंटने आणलेली ज्येष्ठांची पॉलिसी को-पेच्या बाबतीत या साध्या पॉलिसीहूनही वाईट ठरते, हे तुम्हीच ताडून बघा.

मेहुण्यांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी ठरावीक गंभीर आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे देते, आणि बहुतेक पॉलिसींत त्यानंतर काही दिवस, सहसा ३० दिवस, रुग्ण हयात असावा लागतो. कमावत्या माणसाचा पगार थांबला तर तो भरून काढायला ती चांगली. तुमचा पगार तसाही थांबतोय. साठीनंतर तिचा हप्ता जड होतो आणि न्यूमोनिया, हाड मोडणं, पित्ताशय असल्या नेहमीच्या खर्चांना ती उपयोगी पडत नाही. पैसे उरले तरच. रोजचा भत्ता देणाऱ्या हॉस्पिटल कॅश पॉलिसीबद्दलही माझं हेच मत आहे.

मुलाचं म्हणणं मायेचं आहे आणि त्याला नाही म्हणू नका. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत आधीच्या आजारांना बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. वहिनींचा वेटिंग पिरियड संपेपर्यंत त्याचा फार मोठा उपयोग आहे. त्याने त्यांना जरूर घालावं, आणि आई-वडिलांसाठी वेगळा को-पे आहे का तेही विचारावं. पण त्याने नोकरी बदलली, कंपनीने कपात केली किंवा पालकांना पॉलिसीतून काढलं, की ते संरक्षण त्याच दिवशी संपतं, आणि तेव्हा तुम्ही ६५ चे असाल. दोन पॉलिसी असल्या तर क्लेम कुठे करायचा ते तुम्ही ठरवू शकता. तोपर्यंत तुमच्या स्वतःच्या पॉलिसीची वर्षं साठत राहतात. मुलाला मदतच करायची असेल, तर त्याने तुमच्या सुपर टॉप-अपचा हप्ता भरावा. तो जुन्या करप्रणालीत असेल तर साठीपुढच्या पालकाच्या हप्त्यापोटी त्याला करपात्र उत्पन्नातून ५०,००० पर्यंत वजावटही मिळते. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

आईंसाठी खाजगी पॉलिसीच्या मागे लागू नका. ८४ व्या वर्षी हप्ता प्रचंड आणि अटी कडक. त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, ते मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आधीच्या आजारांना वेटिंग पिरियड नाही. आधार कार्ड लागतं, आयुष्मान अ‍ॅपवरून किंवा जवळच्या सेवा केंद्रात काढता येतं. आधारवर त्यांचं जन्मवर्ष बरोबर आहे ना ते आधी बघा. बऱ्याच आजींच्या आधारवर वय अंदाजे टाकलेलं असतं आणि काम तिथेच अडतं. कार्ड हातात आल्यावर नाशिकमधली कोणती रुग्णालयं या योजनेत आहेत आणि तिथे कोणते उपचार होतात, ते त्या रुग्णालयांच्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनीसांना, भेटून विचारा. दाखल न होता होणारा खर्च, म्हणजे रोजची औषधं आणि डॉक्टरांची फी, यात येत नाही. तुमची कार्डं सत्तरीला निघतील, खाजगी पॉलिसी असली तरी.

दाखल न होता होणाऱ्या खर्चासाठी ग्रॅच्युइटीतले ३-४ लाख वेगळ्या एफडीत घाला आणि त्यांना दवाखान्याचे पैसे म्हणा. तिघांच्या गोळ्या, तपासण्या, दातांचा खर्च, ऑपरेशननंतर घरी ठेवावी लागणारी बाई, हे जवळजवळ कोणतीच पॉलिसी देत नाही.

प्रीमियम दरवर्षी वाढत गेला तर काय, ही भीती तुमच्या पत्रात नाही, पण मला ती तुमच्यासाठी वाटते. जानेवारी २०२५ पासून नियामकाने सांगितलंय की साठीपुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी नियामकाशी बोलायचं. आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय. एजंटने जुनं कोटेशन दाखवलं असेल तर नवीन मागा. तरी १० टक्क्यांची वाढ सात-आठ वर्षं सलग झाली तर हप्ता दुप्पट होतो. त्यामुळे आज जेमतेम परवडेल अशी मोठी पॉलिसी घेऊन ७० व्या वर्षी सोडण्यापेक्षा, ५ लाखांची आणि सुपर टॉप-अपची जोडी शेवटपर्यंत झेपेल.

कंपनी निवडताना नाशिकमध्ये तुम्ही खरोखर जाल त्या दोन-तीन रुग्णालयांच्या बिलिंग काउंटरवर जाऊन विचारा, कोणत्या कंपनीचं कॅशलेस इथे सुरळीत चालतं. जाहिरातीपेक्षा ही माहिती खरी. नियमाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात उत्तर आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे आहेत. क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत कार्यालयं आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. सोबत नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रारींच्या पोर्टलवरही नोंद करता येते.

पॉलिसी घरी आली की तिच्याबरोबर आलेली फॉर्मची प्रत उघडा आणि वहिनींच्या मधुमेहाची नोंद तिथे आहे का बघा. नसेल तर त्याच दिवशी कंपनीला ई-मेल करून दुरुस्ती मागा. को-पे किंवा खोलीभाड्याची अट एजंटने सांगितली त्यापेक्षा वेगळी निघाली, तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. आणि एचआरचं ते पत्र मिळालं, की त्यातली वर्षं आणि रक्कम मला कळवा. मायग्रेशनच्या अर्जात काय लिहायचं ते पुढच्या सदरात सांगतो.